शहराच्या मध्यवर्ती श्रीमंत भागाची पाहणी: कोण राहतं, कसं राहतं, हे मोजायचं कसं

असा भाग पहिल्यांदा पाहणीला घेणाऱ्याला काम सोपं वाटतं. भाग लहान, रस्ते ओळखीचे, आकडे सरकारने छापलेले. सरासरी उत्पन्न, सरासरी वय आणि कुटुंबाचा सरासरी आकार लिहिला की अहवाल पुरा होतो. मग त्या अहवालातलं 'सरासरी कुटुंब' भागात शोधायला जावं तर सापडत नाही. कारण इथे एकाच जिन्याला चार तऱ्हेची माणसं राहतात. पहिल्या मजल्यावर ४० वर्षांपूर्वी घर घेतलेलं निवृत्त जोडपं, त्यांच्या वर तिघांनी मिळून भाड्याने घेतलेली जागा, समोर वर्षातून सहा आठवडे उघडणारं बंद घर आणि मागच्या खोलीत राहून घरकाम करणारी बाई. यांची बेरीज करून भागाकार केला की चौघंही नाहीसे होतात. त्यांना वेगवेगळं मोजता यावं, यासाठीच पुढची सगळी खटपट आहे.

दोघांनी नेटाने केलं तर सुमारे दहा हजार वस्तीच्या भागाला सहा ते आठ आठवडे लागतात. त्यातले पहिले दोन आठवडे कागदांवर जातात. ते वाचवायला जाऊ नका.

पायरी १: हद्द आखा

सगळ्यात जास्त चुका इथेच होतात. श्रीमंत भागाच्या नावाला बाजारात किंमत असते, म्हणून ते नाव पसरत जातं. घरविक्रीच्या जाहिरातींत शेजारच्या चार गल्ल्याही त्याच नावाने येतात. उलट जुने रहिवासी हद्द आखडून सांगतात. म्हणून एका नकाशावर तीन रेघा काढा. पहिली प्रशासनाची, म्हणजे वॉर्ड किंवा गणना-गटाची (जनगणना ज्या लहान तुकड्यांचे आकडे देते, तो एकेक तुकडा म्हणजे गणना-गट). दुसरी जमिनीवर दिसणारी: मोठा रस्ता, लोहमार्ग, नदी, उतार, घरांची उंची किंवा बांधणी जिथे एकदम बदलते ती जागा. तिसरी लोकांच्या मनातली. तिच्यासाठी वेगवेगळ्या रस्त्यांवर ३० जणांना एकच प्रश्न विचारा: 'इथून चालत निघालो तर हा भाग कुठे संपतो?' उत्तर रस्त्याच्या नावाने घ्या, 'पुढे जरा' असं घेऊ नका. तिन्ही रेघा जिथे जुळतात तो गाभा, जिथे जुळत नाहीत ती किनार. पुढचा प्रत्येक आकडा आधी गाभ्याचा काढायचा, मग किनार धरून. दोन्हींत मोठा फरक पडला तर तो अहवालात लिहायचा.

शिकागोच्या उत्तर काठावरच्या भागाचा अभ्यास हार्वे झॉर्बाऊ यांनी १९२९ साली छापला. सरोवराकाठची श्रीमंत घरं आणि हलाखीची वस्ती यांच्यात तिथे चालत जाण्याइतकंच अंतर होतं. अशा ठिकाणी हद्दीची रेघ दोन रस्ते सरकली तरी सगळे आकडे फिरतात. भूगोलात याला क्षेत्रबदलाचा प्रश्न म्हणतात: माणसं तीच असतात, कप्पे वेगळे पाडले की उत्तर वेगळं येतं.

गणना-गट हद्दीवर आडवा पडला तर तो क्षेत्रफळाच्या प्रमाणात कापू नका. समजा ६०० लोकांच्या एका गटाचं निम्मं क्षेत्रफळ तुमच्या हद्दीत आहे. क्षेत्रफळाने ३०० लोक येतील. पण ते निम्मं क्षेत्रफळ म्हणजे बहुतेक बाग असेल आणि घरांपैकी २० टक्केच हद्दीत असतील, तर तुमचे लोक १२०. नेहमी घरं मोजून वाटणी करा. श्रीमंत भागांत बागा, क्लबांची मैदानं, वकिलाती आणि संस्थांची आवारं बरीच असतात, त्यामुळे ही चूक इथे इतर भागांपेक्षा मोठी होते.

दाटीचंही तसंच. ९,२०० लोक आणि १६० हेक्टर जागा धरली तर हेक्टरी ५७.५ पडतात. ६० हेक्टर मोकळ्या जागा वगळल्या तर हेक्टरी ९२. दोन्ही आकडे बरोबर आहेत, फक्त कुठला दिला आहे ते सांगा.

पायरी २: कागद गोळा करा, आणि प्रत्येकाची खोट लिहून ठेवा

जनगणना हा पाया. तिचे लहान गट देशोदेशी वेगळे असतात. इंग्लंड आणि वेल्समध्ये सगळ्यात लहान गटात किमान ४० कुटुंबं आणि १०० लोक असतात. अमेरिकेतला 'ट्रॅक्ट' नावाचा गट १,२०० ते ८,००० लोकांचा, साधारण ४,००० हे लक्ष्य धरून आखलेला. गट जितका लहान, तितकी खासगीपणा जपण्यासाठी आकड्यांत केलेली फिरवाफिरव जास्त. म्हणून एकाच लहान गटावर निष्कर्ष टेकवू नका. निदान चार-पाच गट एकत्र करून बोला.

उत्पन्नाचा प्रश्न सगळीकडे विचारत नाहीत. भारताच्या आणि इंग्लंडच्या जनगणनेत तो नसतो. ऑस्ट्रेलियात टप्प्यांत विचारतात. कॅनडात २०१६ पासून करनोंदींतून घेतात. अमेरिकेत तो वार्षिक नमुना-सर्वेक्षणातून येतो आणि लहान भागासाठी पाच वर्षांचे नमुने एकत्र करून देतात. म्हणजे तो आकडा एका वर्षाचा नसतो.

नमुन्यातून आलेल्या प्रत्येक आकड्याला त्रुटीची मर्यादा जोडलेली असते, आणि नवखा माणूस नेमका तोच रकाना लपवतो. तो उघडा ठेवा. उदाहरणार्थ, 'एकटे राहणारे ज्येष्ठ ४२०, अधिक-उणे १५०', विश्वासपातळी ९० टक्के. १५० ला १.६४५ ने (९० टक्के पातळीचा ठरलेला आकडा) भागा: प्रमाण त्रुटी ९१. तिला ४२० ने भागा: जवळपास २२ टक्के. १२ टक्क्यांच्या आत आकडा बिनधास्त वापरावा, १२ ते ४० मध्ये सावधपणे, ४० च्या वर टाकून द्यावा, अशी सर्वसाधारण पद्धत आहे. दोन गटांची बेरीज करताना मर्यादांची नुसती बेरीज होत नाही. वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं. ±६० आणि ±८० मिळून ±१०० होतात, ±१४० नाही.

मतदार यादी, मालमत्ता कराची यादी, दस्त नोंदणी, बांधकाम परवाने, शाळांची पटसंख्या हे दुसऱ्या फळीचे कागद. प्रत्येकासमोर एका ओळीत लिहा: यात कोण येत नाही? मतदार यादीत सहसा परदेशी नागरिक आणि नुकते आलेले भाडेकरू नसतात. कराच्या यादीत राहणारा नसतो, मालक असतो, आणि पुष्कळदा तो मालक म्हणजे एखादी कंपनी किंवा न्यास असतो. शाळेच्या पटावर दूरच्या शाळेत जाणारी मुलं नसतात, आणि श्रीमंत भागात तीच जास्त. अहवालाची अर्धी विश्वासार्हता या एका रकान्यावर उभी असते.

पायरी ३: घर, कुटुंब, माणूस ही तीन वेगळी मोजमापं

समजा भागात ५,००० घरं आहेत, ४,२५० कुटुंबं राहतात आणि लोक ९,२००. त्यांतले ७०० वसतिगृहांत आणि संस्थांत आहेत. कुटुंबाचा आकार काढताना ते आधी वजा करायचे: ८,५०० भागिले ४,२५०, म्हणजे २.०. वजा करायचं विसरलात तर २.१६ येतो, आणि इतक्याने सगळं वर्णन बदलतं.

उरलेल्या ७५० घरांत, म्हणजे १५ टक्क्यांत, कोणी राहत नाही. 'रिकामी घरं' म्हणून त्यांचा एकच ढीग करू नका. विक्रीला किंवा भाड्याला काढलेली, दुरुस्तीत असलेली, मालकाचं दुसरं घर असलेली, आणि थोड्या दिवसांच्या पाहुण्यांना दिली जाणारी, असे निदान चार ढीग हवेत. बाहेरून थोडा अंदाज घेता येतो. कामाच्या दिवशी रात्री ८ ते ९ मध्ये एका इमारतीच्या उजेड असलेल्या खिडक्या मोजा. तीन वेगळ्या आठवड्यांत, दर वेळी वेगळ्या वारी, आणि एकदा सुट्टीच्या दिवशी. चारही वेळा अंधारात असलेलं घर बहुधा बंद आहे. जाड पडदे आणि मागच्या बाजूच्या खोल्या यांमुळे ही मोजणी बंद घरं बहुधा जास्त दाखवते, कमी क्वचितच. म्हणून तिचा आकडा 'जास्तीत जास्त इतकी' असा लिहायचा. सुट्ट्यांच्या मोसमात मात्र ही मोजणी करूच नका. तेव्हा श्रीमंत भाग सगळ्यात ओस असतो.

वयाचा मनोरा पाच-पाच वर्षांच्या पट्ट्यांनी काढा. मध्यवर्ती श्रीमंत भागाचा मनोरा बहुतेक वेळा कंबरेपाशी फुगलेला असतो: २५ ते ३९ मध्ये मोठा फुगवटा, ५ ते १४ मध्ये खाच, आणि ६० च्या वर दुसरा, लहान फुगवटा. खालच्या फुगवट्यात भाडेकरू, वरच्यात मालक. म्हणूनच 'सरासरी वय ४२' हा आकडा कुणाचाच नसतो. बेचाळिशीची माणसं तिथे कमीच असू शकतात.

खाचेकडे नीट बघा. ० ते ४ वयाची मुलं ३८० आणि ५ ते ९ ची २१० असतील, तर शाळेचं वय आलं की कुटुंबं निघून जातात असा संशय येतो. संशयच, कारण गेल्या पाच वर्षांत जन्म वाढले असतील तरीही हेच दिसेल. खात्रीसाठी मागची गणना काढा. तेव्हाची ० ते ४ ची पिढी दहा वर्षांनी १० ते १४ ची होते. किती उरली ते थेट दिसतं.

लिंग गुणोत्तर वयाच्या पट्टीनुसार पाहा. २० ते ५० मध्ये बायका अचानक जास्त दिसल्या तर घरात राहून काम करणाऱ्या महिला मोजणीत आल्या आहेत का ते तपासा. गणनेत 'कुटुंबप्रमुखाशी नातं' असा प्रश्न असतो, तिथे घरकामगार वेगळे निघतात. ते वेगळे न काढता 'इथे मोठी कुटुंबं परत येत आहेत' असं लिहिलेले अहवाल पाहायला मिळतात. ही साधी चूक नाही. जी माणसं आधीच कुणाला दिसत नाहीत, ती त्यामुळे आकड्यांतूनही पुसली जातात.

पायरी ४: पैसा

आधी एक लहान गणित. दहा कुटुंबांचं उत्पन्न, कुठल्याही एककात: ४, ५, ६, ८, ९, ११, १२, १४, १८, ११३. बेरीज २००, सरासरी २०. दहापैकी नऊ कुटुंबं सरासरीच्या खाली आहेत. मधल्या दोघांमधला आकडा, म्हणजे मध्यक, १०. श्रीमंत भागात सरासरी आणि मध्यक यांच्यात दुप्पट फरक सहज पडतो, आणि तो फरक हीच खरी माहिती असते. म्हणून दोन्ही द्या, सोबत खालच्या आणि वरच्या चतुर्थकाच्या, म्हणजे तळाच्या आणि वरच्या पाव कुटुंबांच्या, सीमा द्या.

वरच्या टोकाला आकडे कापलेले असतात हे विसरू नका. अमेरिकी सर्वेक्षणात एखाद्या भागाचं मध्यक कौटुंबिक उत्पन्न २,५०,००० डॉलरच्या पुढे गेलं की '२,५०,०००+' एवढंच छापतात. त्याच्या पुढचे दोन भाग एकसारखे दिसतात, असतात असं नाही. शिवाय जास्त उत्पन्नवाले सर्वेक्षणाला उत्तरं कमी देतात, आणि नफ्यातून, हिश्श्यांतून येणारा पैसा दरवर्षी सारखा नसतो.

उत्पन्न आणि संपत्ती यांची गल्लत तर फारच होते. निवृत्त जोडप्याचं उत्पन्न भागात सगळ्यात कमी असेल आणि त्यांचं घर सगळ्यात महागांपैकी असेल. शेजारचा तरुण भाडेकरू पगारात वरच्या पट्टीत असेल आणि त्याच्या नावावर काहीच नसेल. म्हणून एक साधा तक्ता करा: मालकीचं घर की भाड्याचं, हे आडवं, वय ४० च्या खाली, ४० ते ६०, ६० च्या वर, हे उभं. या सहा चौकोनांत भागाचं जितकं चित्र उभं राहतं तितकं कुठल्याही एका उत्पन्नाच्या आकड्यात राहत नाही.

घरांच्या किमती दस्त नोंदणीतून घ्या, जाहिरातींतून नको. जाहिरातीत मागणी असते, व्यवहार नसतो. लहान भागात वर्षाला व्यवहार थोडे, म्हणून तीन वर्षांचे एकत्र घेऊन महागाईने समायोजित करा. नातेवाइकांमधली नाममात्र किमतीची हस्तांतरणं काढून टाका. नव्या इमारतीतली एकगठ्ठा विक्री वेगळी दाखवा, नाहीतर एकच इमारत सगळ्या भागाचा भाव ठरवते. दर क्षेत्रफळाच्या एककाला काढा आणि तिथेही मध्यकच घ्या.

व्यवसायांसाठी आंतरराष्ट्रीय वर्गीकरण वापरलं तर तुलना सोपी जाते. त्यात १ व्यवस्थापक, २ व्यावसायिक तज्ज्ञ, ३ तंत्रज्ञ आणि सहायक तज्ज्ञ, ९ प्राथमिक कामं. पहिल्या दोन गटांचा वाटा शहराच्या वाट्याने भागा. भागात ४८ टक्के आणि शहरात २४ टक्के असेल तर गुणक २.०. हा गुणक शिक्षण, भाडेकरू, एकटे राहणारे अशा प्रत्येक बाबीला काढता येतो, आणि वाचणाऱ्याला टक्केवारीपेक्षा लवकर कळतो.

पायरी ५: पायी फिरा

चार्ल्स बूथ यांनी १८८९ पासून लंडनचे नकाशे रस्ता-रस्ता रंगवून छापले. श्रीमंत रस्ते पिवळे, सगळ्यात गरीब काळे, मध्ये पाच रंग. त्यांची माणसं पोलिसांबरोबर गल्लीबोळांतून हिंडून रंग तपासत. त्या नकाशावर पिवळ्या रस्त्याच्या अगदी पाठीमागे गडद पट्टी कितीतरी ठिकाणी दिसते. गणनेच्या गटात ती मिसळून गेली असती. पायी फिरायचं ते यासाठी.

भागाचे रस्ते समान लांबीच्या पट्ट्यांत वाटा, साधारण १०० मीटरच्या. चिठ्ठ्या टाकून २० पट्ट्या निवडा. आवडीच्या निवडल्या तर सगळ्या पुढच्या, देखण्या रस्त्यावरच्या निघतात. प्रत्येक पट्टीत चार गोष्टी लिहा: घरांचे प्रकार आणि मजले, तळमजल्याचा वापर, मागच्या बाजूची दारं, चालू असलेली बांधकामं.

दारावरची घंटांची पाटी हे फार बोलकं साधन आहे, पण ती हळू वाचावी लागते. समजा तेरा बटणं आहेत. सात नावांच्या पट्ट्या, त्यांतल्या चार कोरलेल्या पितळी, तीन कागदावर छापून चिकटवलेल्या. दोन बटणांवर फर्मची नावं. एकावर नुसता मजल्याचा आकडा. एक पट्टी कोरी, तिच्या कडांना जुन्या गोंदाचा पिवळा डाग. बाराव्या जागी दोन बटणांना मिळून एकच लांब पट्टी. कोरलेली नावं सहसा मुरलेल्या रहिवाशांची, कागदाची भाडेकरूंची, आकडा असलेलं घर पाहुण्यांना दिलं जाणारं असू शकतं, आणि लांब पट्टी म्हणजे दोन घरांचं एक केलेलं. हे सगळे अंदाज आहेत. पण वीस दारांवर हेच प्रमाण दिसलं तर कागदावरच्या आकड्यांशी ताडून पाहता येतं. मोजणीच्या कागदावर संख्या उतरवा, नावं नको. पाटीचा फोटो काढू नका.

माणसांची मोजणी १५-१५ मिनिटांची करा: सकाळी ७, दुपारी १, संध्याकाळी ६, रात्री ९. एका जागी उभं राहून एक काल्पनिक रेघ ओलांडणारे मोजा. इमारतीला मागचं किंवा सेवेचं दार असेल तर सकाळी ७ ते ९ मध्ये तिथे वेगळा माणूस उभा करा. पुढच्या दारातून बाहेर पडणारे आणि मागच्या दारातून आत येणारे यांचं गुणोत्तर हा या भागाच्या जीवनशैलीचा सगळ्यात प्रामाणिक आकडा आहे, आणि तो कुठल्याही छापील तक्त्यात मिळत नाही.

दुकानांची यादी प्रकारानुसार करा: रोजच्या गरजेची, अधूनमधूनची, चैनीची, सेवा देणारी. नुसती संख्या अर्धवट. मागच्या पाच वर्षांत त्याच गाळ्यात आधी काय होतं ते शेजारच्या दोन दुकानांत विचारा. रोजच्या गरजेचे गाळे कमी होऊन त्या जागी चैनीचे आले असतील तर ज्येष्ठांना साध्या खरेदीला किती लांब जावं लागतं ते मीटरमध्ये मोजा.

मोटारींवरून श्रीमंती मोजायला जाऊ नका. मध्यवर्ती भागात चालत सगळं मिळतं आणि गाडी उभी करायला जागा नसते. त्यामुळे दर कुटुंबामागे गाड्या बाहेरच्या मध्यमवर्गीय उपनगरापेक्षा कमी निघू शकतात.

पायरी ६: दारावर जाऊन विचारणं

बंद फाटकं, पहारेकरी, व्यवस्थापक: इथे घरापर्यंत पोचणंच अवघड. आधी सही-शिक्क्याचं पत्र पाठवा, त्यात पाहणी कोण करतंय, कशासाठी, किती मिनिटं लागतील (२० च्या वर नको) हे लिहा. इमारतीच्या समितीला आधी भेटा. प्रत्येक निवडलेल्या घरी तीन खेपा, वेगळ्या वेळी: एक कामाच्या दिवशी दुपारी, एक संध्याकाळी, एक सुट्टीला. पहिल्या खेपेला दार न उघडणाऱ्या घराऐवजी शेजारचं घर घेतलंत तर नमुना घरी असणाऱ्यांचा होतो, म्हणजे ज्येष्ठांचा. कॅफेत बसलेल्यांना विचारणं तर मुळीच नको. तिथे फक्त कॅफेत बसणारे भेटतात.

दार उघडणाऱ्यालाच प्रश्न विचारू नका. घरातल्या प्रौढांपैकी ज्याचा वाढदिवस सगळ्यात अलीकडे झाला, त्याला विचारा. घरात राहणारे कामगारही या यादीत येतात. मालकांसमोर त्यांची उत्तरं मोकळी येत नाहीत, म्हणून वेगळी वेळ मागून घ्या.

उत्पन्न तोंडी विचारू नका. तळहातात मावेल असं जाड कार्ड करा, त्यावर आठ-नऊ टप्पे, प्रत्येकाला अक्षर, पण अक्षरं क्रमाने लावलेली नसावीत: म, क, ट, प अशी. उत्तर देणारा फक्त 'ट' म्हणतो आणि बाजूला उभ्या माणसाला काही कळत नाही. वरचे टप्पे जास्त ठेवा. सर्वसाधारण पाहणीचं कार्ड इथे वापरलं तर निम्मी माणसं शेवटच्या टप्प्यात जाऊन बसतात.

जीवनशैलीचे प्रश्न 'सहसा', 'नेहमी' असे नकोत. 'मागच्या ७ दिवसांत घरी रात्रीचं जेवण किती वेळा शिजलं?', 'काल कामावर कसे गेलात?', 'मागच्या १२ महिन्यांत या घरात किती रात्री झोपलात?' असे हवेत. शेवटचा प्रश्न सोडू नका. वर्षाला २०० पेक्षा कमी रात्री राहणाऱ्यांचा वेगळा गट करा. शाळा, बाग, दवाखाना यांच्या नियोजनात हा आकडा लागतो.

किती घरं घ्यायची? पन्नास टक्क्यांच्या आसपासच्या उत्तराला १०० जणांत त्रुटी जवळपास १० टक्के-बिंदू असते, ४०० जणांत ५. लहान भागाला ४०० चं लक्ष्य ठेवा. पण भागातून एकूण ६० जणच उत्तर देतील अशी स्थिती असेल, तर टक्केवारी सोडून द्या आणि ती पाहणी मुलाखती म्हणून वापरा. नंतर वयानुसार वजन लावा: गणनेत साठीच्या वरचे २२ टक्के आणि तुमच्या नमुन्यात ४०, तर त्यांच्या प्रत्येक उत्तराला वजन ०.५५. वजनाने वयाचा तोल सावरतो, दार न उघडणाऱ्यांची मतं मात्र त्यातून येत नाहीत. म्हणून किती घरांनी उत्तर दिलं नाही, हा आकडा पहिल्याच पानावर हवा.

बाजारात तयार 'जीवनशैली गट' विकत मिळतात. १९७० च्या दशकापासून अमेरिकेत आणि ब्रिटनमध्ये पिनकोडवार नावं देण्याची ही पद्धत रुळली. भागांची आपसात तुलना करायला ते बरे. पण भागाचं सरासरी लक्षण एकेका माणसाला चिकटवणं चूक आहे, हे विल्यम रॉबिन्सन यांनी १९५० सालीच आकड्यांनी दाखवलं होतं. सुरुवातीला सांगितलेल्या चार तऱ्हेच्या माणसांच्या जिन्याला एकच गट-नाव दिलं की काय होतं ते उघड आहे.

पायरी ७: दिवसा कोण असतं

रहिवासी ९,२००, त्यांतले ३,९०० कामाला बाहेर जातात, १४,५०० बाहेरून आत येतात. दिवसाची वस्ती १९,८००. प्रवासाची आकडेवारी नसेल तर पायरी ५ च्या मोजण्यांवरून ढोबळ अंदाज करा. स्वच्छतागृहं, बसथांबे, बाकं हे सगळं या दुसऱ्या आकड्याला पुरायला हवं.

पायरी ८: काय बदललं

दोन गणनांची तुलना करताना आधी गटांच्या हद्दी त्याच आहेत का ते पाहा. बदलल्या असतील तर घरं मोजून जुने आकडे नव्या हद्दीत बसवा.

लोकसंख्या घटली म्हणजे भाग उतरणीला लागला, असं लगेच म्हणू नका. श्रीमंत भागात उलटंही घडतं: दोन घरं जोडून एक केली जातात, भाड्याच्या खोल्या जाऊन तिथे एकाच कुटुंबाचं घर येतं. माणसं कमी होतात आणि भाव चढतो. बांधकाम परवान्यांत 'घरं जोडणे' हा प्रकार वर्षवार मोजला की हे लगेच उघडं पडतं. रूथ ग्लास यांनी १९६४ साली लंडनच्या जुन्या कामगार भागांत मध्यमवर्ग शिरताना पाहिला आणि त्याला 'जेंट्रिफिकेशन' हा शब्द दिला. तुमचा भाग असा नव्याने श्रीमंत झालेला आहे की आधीपासूनच श्रीमंत राहिलेला, हे वेगळं काढा. समाजशास्त्रज्ञ अर्नेस्ट बर्जेस यांनी १९२५ साली शहर मध्याभोवतीच्या वलयांत मांडलं; त्या मांडणीत श्रीमंत शहराच्या कडेला जातात. बॉस्टनचं बीकन हिल मात्र मध्यावर असून टिकून राहिलं, आणि १९४५ साली वॉल्टर फायरी यांनी त्याचं कारण लोकांच्या त्या जागेवरच्या भावनेत आणि प्रतिष्ठेत दाखवलं. टिकून राहिलेल्या भागात मालक जुने आणि बदल मंद; नव्याने श्रीमंत झालेल्यात ६० च्या वरच्यांमध्ये भाडेकरू किती उरलेत तो आकडा आधी पाहावा, कारण तेच पहिले बाहेर पडतात. याच आकड्यासाठी जुन्या रहिवाशांच्या संघटना आणि नियोजन कार्यालयं तुमचा अहवाल उघडतील.

पायरी ९: लिहिणं

पहिल्या पानावर एकच तक्ता: गाभा, किनारीसह, शेजारचा भाग, पूर्ण शहर असे चार रकाने. प्रत्येक टक्केवारीखाली तिचा छेद लिहा, 'कुटुंबांच्या' की 'माणसांच्या'. दशांश एकच. १० पेक्षा कमी माणसांचा कुठलाही आकडा छापू नका आणि इमारत ओळखू येईल असं वर्णन टाळा. श्रीमंत भागात एका जिन्यावरून कुटुंब ओळखायला शेजाऱ्याला वेळ लागत नाही. पायरी २ मधला 'यात कोण येत नाही' हा रकाना शेवटी न टाकता तक्त्याच्या लगेच खाली ठेवा.

हद्दीचा नकाशा, पट्ट्यांची चिठ्ठ्यांनी केलेली निवड, मोजणीच्या वेळा आणि वार हे सगळं एका फाइलमध्ये बांधून ठेवा. पाच वर्षांनी जो कोणी हीच पाहणी परत करेल, त्याला त्याच कोपऱ्यावर, त्याच वेळी उभं राहता आलं पाहिजे.